मोजा उलटा करून पाहा : रोजच्या सुती मोज्यांच्या तुलनेच्या नोंदी

४ फेब्रुवारी

रोज बुटात घालायचे, चालण्या-पळण्यालाही चालतील असे सुती मोजे घ्यायचे तर कोणते घ्यावेत, हा या प्रकल्पाचा प्रश्न. टिकतात किती, पायाला कसे वाटतात आणि दिलेले पैसे वसूल होतात का, या तीन गोष्टी तपासायच्या आहेत. तिन्हींत एकच मोजा पहिला येईल असं धरून चाललेले नाही.

पाच प्रकार निवडलेत. नोंदींत कंपन्यांची नावं घालणार नाही. एकाच नावाखाली कधी वेगळ्या सुताचा, कधी वेगळ्या कारखान्यातला माल येतो. मोज्याची बांधणी ओळखता आली, तर पाकिटावर काहीही छापलेलं असो, फसायला होत नाही. म्हणून नुसती अक्षरं. 'अ' मध्यम जाडीचा, सपाट विणीचा, पाकिटावर 'कॉटन' हा शब्द सगळ्यांत ठळक. 'ब' पातळ, गठ्ठ्यात मिळणारा, पाचांत सर्वांत स्वस्त. 'क'च्या फक्त तळव्याला आतून टेरी आहे, म्हणजे टॉवेलला असतात तसे सुटे फास. वरचा भाग सपाट. 'ड' आतून सगळीकडे टेरी, जाडजूड, दुकानात हात लावला की लगेच घ्यावासा वाटणारा. 'इ' बारीक विणीचा, कोम्ब्ड म्हणजे विंचरलेल्या कापसाचा, सर्वांत महाग.

प्रत्येकाच्या काठाला आतून वेगळ्या रंगाचा दोरा टाचून ठेवला. धुऊन आल्यावर कोण कुठला याचा घोळ नको.

लेबलं वाचली. पाचांपैकी एकही शंभर टक्के सुती नाही. 'अ'वर ८० टक्के कॉटन, १७ पॉलिस्टर, ३ स्पॅन्डेक्स (ताणला तरी मागे येणारा धागा). 'ब'मध्ये कॉटन निम्म्याहून कमी. 'क' आणि 'इ'मध्ये पॉलिस्टरऐवजी नायलॉन. हे आकडे वजनाचे असतात, हे ध्यानात ठेवायला हवं: ३ टक्के स्पॅन्डेक्स म्हणजे वजनाला नगण्य, पण मोजा पायावर टिकतो तो त्याच्याच जोरावर. नुसतं सूत ताणलं की ताणलेलंच राहतं, मागे येत नाही. त्यामुळे 'प्युअर कॉटन नाही' म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. बघायचं ते हे की ते बाकीचे वीस टक्के मोज्यात कुठे घातलेत. लेबल ते सांगत नाही.

७ फेब्रुवारी

आज सगळे मोजे उलटे करून पाहिले. या कामाला वेळ दिला तेवढा थोडाच.

आधी उजेडाची चाचणी. मोज्यात हात घालायचा, बोटं फाकवायची आणि दिव्यासमोर धरून टाच, चवड्याचा भाग, अंगठ्याची जागा आणि पायाचा वरचा भाग एकामागून एक बघायचे. 'अ'ची टाच आणि वरचा भाग यांतून सारखाच उजेड येतो. म्हणजे टाचेला वेगळा आधार काहीच दिलेला नाही. अख्खा मोजा एकाच जाडीत विणून काढलाय. 'क'मध्ये टाचेवर आणि बोटांकडे उजेड अडतो. भिंग लावून पाहिलं, तर तिथे सुताच्या जोडीने एक चकचकीत धागा जातोय. तो नायलॉन. बाकीच्या भागात तो दिसत नाही. विणणाऱ्याने मोजा कुठे झिजतो हे ओळखून नेमका तिथेच खर्च केलाय.

'ड'ने कोड्यात टाकलं. हाताला सर्वांत जाड, पण फास बाजूला सारून खालची मूळ वीण पाहिली तर ती विरळच आहे. मोजा वजनदार झालाय तो फासांमुळे. फास मऊ असतात, पावलाखाली दबतात, घाम टिपतात. पण घासणं सोसायची वेळ येते तेव्हा भार मूळ विणीवर पडतो. जाड म्हणजे टिकाऊ हे समीकरण इथे डळमळीत वाटतं. बघू.

मग टाके मोजले. मोज्याच्या घेरात जितक्या उभ्या ओळी, तितक्या सुया मशीनच्या नळकांड्यावर असतात. ८४, ९६, १०८, १२०, १४४, १६८, २०० अशा ठरलेल्या सुयांची यंत्रं असतात. जाड स्पोर्ट्‌स मोजे कमी सुयांवर, पातळ ऑफिसचे मोजे जास्त सुयांवर निघतात. टाचणीने एकेक ओळ सरकवत मोजलं: 'ड' ९६च्या यंत्रावरचा दिसतो, 'इ' १६८च्या. सुया जास्त म्हणजे धागा बारीक, वीण गुळगुळीत. त्यावरून टिकाऊपणा कळत नाही, पण पायाला कसा लागेल याचा अंदाज येतो.

शेवटी बोटांवरची शिवण. मोजा मुळात नळी म्हणून विणला जातो आणि बोटांकडचं तोंड नंतर बंद करतात. 'ब'मध्ये ते सरळ शिवून टाकलंय. आत चांगला उंचवटा राहिलाय आणि दोन्ही टोकांना दोऱ्याची शेपटी. करंगळीला हीच टोचते. 'इ'मध्ये समोरासमोरचे टाके एकात एक गुंतवलेत, त्याला लिंकिंग म्हणतात. डोळे मिटून बोट फिरवलं तर शिवण कुठे आहे ते चटकन सापडत नाही.

८ फेब्रुवारी

लेबलावर विश्वास ठेवायचा की नाही, म्हणून धागे जाळून पाहिले. चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली, बाजूला पाणी. सूत कागदासारख्या वासाने जळतं आणि बोटांत चुरडणारी राख उरते. पॉलिस्टर आणि नायलॉन आधी वितळून आक्रसतात आणि थंड झाल्यावर कडक मणी होतो. 'क'च्या टाचेतला चकचकीत धागा वितळला, तळव्याचे फास राख झाले. लेबल खरं आहे.

१२ फेब्रुवारी

पहिली धुलाई. धुण्याआधी प्रत्येक मोज्याची टाचेपासून बोटांपर्यंतची लांबी सपाट ठेवून मोजून घेतली होती.

'अ' जवळपास दीड सेंटीमीटर आटला. 'ड'ही आटला, पण रुंदीला जास्त भरून आला. 'ब' जवळजवळ होता तसाच, पॉलिस्टरची कृपा. 'क' आणि 'इ' थोडेसे.

सूत खरं तर फारसं आखूड होत नाही. विणताना धागा ताणलेला असतो, नंतर मोजा पायाच्या आकाराच्या साच्यावर चढवून वाफेने त्याला दुकानात शोभेल असा आकार देतात. पाण्यात पडला की तो ताण सुटतो आणि टाके आपल्या नैसर्गिक जागी परततात. म्हणून पहिल्या एकदोन धुण्यांत जे काय आटायचं ते आटतं, पुढे फरक कमी. घेताना बोटांपुढे थोडी जागा उरेल असा मोजा चांगला. नव्या मोज्यात बोटं टोकाला टेकत असतील, तर आटल्यावर अंगठ्याचं नख सतत एकाच टाक्यावर दाबत राहणार, आणि भोक तिथेच पडणार.

२० फेब्रुवारी

आजपासून प्रत्यक्ष वापर. पद्धत अशी: एका पायात एक प्रकार, दुसऱ्या पायात दुसरा, आणि पुढच्या वेळी पाय बदलायचे. बूट तेच, अंतर तेच, हवा तीच. फरक फक्त मोज्याचा. एक दिवस 'अ', दुसऱ्या दिवशी 'ड' असं घातलं, तर तुलना मोज्यांची होते की त्या दिवसाच्या उन्हाची, ते सांगता येत नाही. पाय बदलायचे कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो आणि दोन्ही पायांवर भार सारखा पडत नाही.

पहिलं निरीक्षण लगेच आलं. 'ड' घातलेला पाय बुटात आवळला जातो. अनवाणी पायाला सर्वांत सुखद वाटणारा मोजा बुटात गेल्यावर सर्वांत अडचणीचा ठरू शकतो, कारण तो बोटांची जागा खातो. बूट याच मोज्यावर मापून घेतले असते तर प्रश्न नव्हता. नेहमीच्या बुटात मात्र 'क' बरोबर बसतो: तळव्याखाली गादी आहे आणि वरच्या बाजूला जाडी नाही, त्यामुळे नाडीचा दाब सारखा पडतो.

६ मार्च

पाण्याची चाचणी. कोरडे मोजे तोलले, पाण्यात बुडवले, हाताने पिळले, पुन्हा तोलले, आणि सावलीत एका दोरीवर ओळीने टाकले.

'ड'चा एक मोजा कोरडा असताना ४० ग्रॅमच्या आसपास. पिळूनसुद्धा ९०च्या वर. 'ब' सर्वांत कमी पाणी धरतो आणि सर्वांत आधी वाळतो. 'क' आणि 'अ' या दोन टोकांच्या मधे कुठेतरी. 'इ' पातळ असल्यामुळे सूत भरपूर असूनही लवकर वाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त 'ड'ची टाच आणि बोटांकडचा भाग दमट होता.

याचं मूळ तंतूतच आहे. ठरावीक दमटपणाच्या हवेत, म्हणजे ६५ टक्के आर्द्रतेला, कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के पाणी धरून असतो. नायलॉन ४ टक्के, पॉलिस्टर जेमतेम ०.४. लोकर तर १६च्या घरात. कापूस पाणी तंतूच्या आत घेतो, पॉलिस्टर ते पृष्ठभागावरून वाहू देतं. म्हणून दिवसभर बसून-उभं राहून काम असेल, तर सुती मोजा पायाला कोरडा वाटतो: घाम थोडा आणि कापूस तो पिऊन टाकतो. पण घाम एका मर्यादेपलीकडे गेला की तोच कापूस भिजून राहतो. ओल्या कातडीवर मोजा सरकत नाही, चिकटतो. पाऊल पुढे जातं, कातडी मागे ओढली जाते, आणि कातडीच्या थरांमध्ये जी ओढाताण होते त्यातून फोड येतो. फोड घासल्याने येतो असं आपण म्हणतो. खरं काम ही ओढाताण करते.

एक गोष्ट कापसाच्या बाजूने लिहून ठेवायला हवी. कापसाचा तंतू ओला झाला की कमकुवत होत नाही, उलट थोडा बळकट होतो. लोकर आणि व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) यांचं याच्या उलट. त्यामुळे सुती मोजा मशीनमधली धुलाई निमूट सोसतो.

१९ मार्च

ताईचा मुलगा रोज पळतो. त्याला 'क' आणि 'ब' एकेका पायात घालायला दिले. लांब पळून आल्यावर तो म्हणाला, "मावशी, जाड मोजा आधी छान वाटतो, पण नंतर नुसता पाण्याने भरलेला वाटतो. पातळवाला आधी टोचतो, पण नंतर त्याचं काही जाणवत नाही."

याच्यापेक्षा नेमकं मला लिहिता आलं नसतं. अर्धा-पाऊण तास पळणं, व्यायामशाळा, चालणं, दिवसभराचे बूट यांना सुती मोजा पुरतो. त्यापुढे तासन्‌तास पळायचं किंवा डोंगर चढायचा असेल, तर सुती मोज्याची तुलना करत बसू नये, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा मोजा घ्यावा. या प्रकल्पात त्या गटात शिरणार नाही.

'ब'ची शेपटी त्याला टोचलीच. कात्रीने कापली तर शिवण उसवण्याची भीती. मोजा उलटा घालून पळायला सांगितलं. शिवण बाहेर गेली, तक्रार थांबली.

२ एप्रिल

गोळे. 'ब'च्या तळव्यावर आणि घोट्यापाशी बारीक गोळे धरलेत, बोटाला खरखरीत लागतात. 'अ'वर लव उठलीय, पण गोळे फार नाहीत. 'इ' अजून नव्यासारखा.

विचार केला तर उलट व्हायला हवं होतं, कारण पॉलिस्टर कापसाहून चिवट. पण चिवटपणामुळेच हे होतं. सुटलेले तंतू एकमेकांत गुंतून गोळा होतो. तो गोळा नुसत्या कापसाचा असेल, तर काही दिवसांत मुळापासून तुटून पडतो. त्याला पॉलिस्टरच्या तंतूचा नांगर मिळाला की तो पडत नाही, तिथेच राहून वाढतो.

'इ'चं श्रेय कोम्बिंगला. सूत कातण्याआधी कापूस पिंजून सरळ केला जातो. कोम्ब्ड सुतात त्यापुढे विंचरून आखूड तंतू काढूनच टाकतात. लांब तंतू सुतात पक्के पिळले जातात, टोकं कमी सुटतात, लव कमी उठते. नेहमीच्या कापसाचा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर, पिमा आणि इजिप्तच्या लांब धाग्याच्या कापसाचा ३५च्या आसपास किंवा त्याहून जास्त. 'कोम्ब्ड' हा शब्द पाकिटावर दिसला तर त्याला अर्थ आहे. 'प्रीमियम कॉटन'ला नाही.

२१ एप्रिल

इलॅस्टिकची तपासणी. काठ मोकळा असताना रुंदी मोजली, पूर्ण ताणून सोडला, थोड्या वेळाने पुन्हा मोजली.

'ब' पहिल्या दिवसापेक्षा उघड सैल पडलाय. चालताना तो टाचेखाली उतरतो आणि पावलाखाली त्याची घडी होते. भोक एकही नाही, तरी हा मोजा हातात घ्यावासा वाटत नाही. टिकणं म्हणजे न फाटणं एवढंच धरलं, तर हा मोजा अजून पास आहे. पायाला विचारलं तर नापास झालाय. तेव्हा यापुढे 'घसरला' ही नोंद 'फाटला' इतक्याच वजनाने धरायची.

उरलेल्या चारांत 'क' सर्वांत घट्ट. त्याच्या काठाबरोबर पायाच्या कमानीभोवतीही एक आवळ पट्टा विणलाय. आधी तो शोभेचा वाटला होता. त्याचं काम आता कळतं: मोजा मध्यावर धरून ठेवल्यामुळे टाच फिरत नाही.

स्पॅन्डेक्स हा पॉलियुरेथेनचा धागा. ड्यूपाँ या अमेरिकन कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तो १९५८ साली तयार केला. त्याचे वैरी ठरलेले: क्लोरीनचं ब्लीच आणि जास्त उष्णता. पांढरे मोजे शुभ्र राहावेत म्हणून ब्लीचमध्ये बुडवायचे आणि मग महिन्याभरात ते घोट्यावरून घसरतात म्हणून सुताला दोष द्यायचा, हे घरोघरी चालतं. ऑक्सिजनवालं ब्लीच चालेल. कडक गरम ड्रायर टाळावा. फॅब्रिक सॉफ्टनरही नको. त्याचा पातळ थर तंतूंवर बसतो आणि कापूस घाम टिपेनासा होतो, म्हणजे ज्यासाठी सुती घेतला तेच जातं.

आणि उलटे करून धुवावेत. घाम, कातडीचा मळ आणि तेल आतल्या बाजूला असतं, आणि मशीनमधलं घासणंही मग बाहेरच्या दर्शनी बाजूला कमी बसतं.

१४ मे

'अ'ची टाच विरली.

भोक अजून नाही, पण दिव्यासमोर धरल्यावर रुपयाएवढ्या जागेतून उजेड सरळ आत येतो. भिंगाखाली तिथलं सगळं सूत निघून गेलंय, आणि उरलीय ती पॉलिस्टरची आणि स्पॅन्डेक्सची उघडी जाळी. टाके जागच्या जागी शाबूत आहेत, ओळी सरळ आहेत, एकही फास सुटलेला नाही. कापूस मात्र त्यावरून पुसून काढावा तसा गेलाय. कडेला, जिथे विरलेला भाग चांगल्या भागाला मिळतो, तिथे सुताची टोकं कुंचल्यासारखी पिंजारलीत. मोजा कसा मरतो ते इथे एका दृष्टिक्षेपात दिसतं: कापूस आधी, कृत्रिम धागा नंतर. आता पायाला तिथे सूत लागतच नाही, गुळगुळीत जाळी लागते. म्हणजे फाटण्याच्या कितीतरी आधी तो सुती मोजा राहिलेला नाही.

'क'ची टाच त्याच दिवशी, त्याच दिव्यासमोर पाहिली. उजेड अडतोय. सूत थोडं झिजलंय, पण नायलॉन दाट असल्यामुळे घर्षणाचा बराच भार त्याने घेतलाय. घासणं सोसण्यात नायलॉन कापसाच्या फार पुढे आहे. १९३५ साली वॉलेस कॅरोदर्स यांनी ते ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत बनवलं, आणि १९४० मध्ये त्याचे बायकांचे पायमोजे अमेरिकाभर विक्रीला आले. मोज्याच्या टाचेत ते आलं आणि रफूची टोपली हळूहळू घरातून गेली.

प्रयोगशाळेत हेच मोजायला मार्टिनडेल नावाचं यंत्र असतं: ठरावीक दाबाखाली कापडाचा तुकडा लोकरीच्या कापडावर फिरवत घासतात आणि किती फेऱ्यांना तो विरतो ते बघतात. मोज्यांसाठी युरोपात ईएन १३७७० हे वेगळं मानकही आहे. पण यंत्र सपाट तुकडा घासतं. टाच गोल असते, घामेजलेली असते, आणि बुटाची मागची कड तिला रोज एकाच जागी खाते. पाकिटावर चाचणीचा आकडा असला तर बघावा, पण टाच उलटी करून बघणं सोडू नये.

३ जून

एक गोष्ट खटकत होती. 'अ' आणि 'ड' दोन्ही पायांत आलटून पालटून घालूनही विरतात ते टाचेच्या मागे, थोडं उजवीकडे. मोजे वेगळे, पाय बदललेले, जागा मात्र एकच.

बुटात हात घातला. उजव्या बुटाच्या मागच्या अस्तराला चीर पडलीय आणि आतलं खरखरीत फोम बाहेर आलंय. बोट फिरवलं तरी ओढ जाणवते. तिथे मऊ कातड्याची तयार पट्टी चिकटवली.

ज्यांचे मोजे सतत एकाच जागी फाटतात त्यांनी मोजे बदलण्याआधी बुटात हात घालावा. पुढे अंगठ्यापाशी फाटत असतील तर नखं बघावीत. हा खर्च जवळपास शून्य आहे, आणि मोज्याच्या आयुष्यात त्याने जो फरक पडतो तो महागड्या सुताने पडत नाही. अस्तर दोन्ही प्रकारांना सारखंच खात होतं, त्यामुळे आपापसांतली तुलना शाबूत राहते. फक्त पट्टीनंतरचे सगळे मोजे आणखी टिकतील हे लक्षात घेऊन निकाल वाचायचा.

'ड'बद्दल मात्र शंका मिटली. टाचेवरचे फास दबून चपटे झालेत, मधूनमधून तुटलेत, आणि त्यांच्या मागची विरळ वीण उघडी पडतेय. 'अ'नंतर काही आठवड्यांतच. मऊपणासाठी ज्यादा पैसे दिले होते, टिकण्यासाठी नाही.

२२ जून

ताई आली होती. दोरीवरचे रंगीत दोरे टाचलेले मोजे बघून तिने विचारलं आणि मी सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "अगं, माझ्याकडे मोजे फाटेपर्यंत राहतातच कुठे? हरवतात. एकेकटे पडून राहतात."

तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. हिशेब मांडून पाहिला. समजा सहा जोड आहेत, सहाही वेगवेगळ्या रंगांचे. त्यातले कुठलेही दोन मोजे गेले. दोन्ही एकाच जोडातले असण्याची शक्यता अकरात एक. बाकी दहा वेळा दोन वेगवेगळे जोड मोडतात आणि हातात चारच उरतात. सहाही जोड एकसारखे असते, तर बारातले दोन गेले, दहा राहिले, म्हणजे पाच जोड, हमखास. आणि हे हरवण्यापुरतंच नाही. एका मोज्याची टाच विरली तरी हाच हिशेब: जोडीदार वाया जात नाही, दुसऱ्या कुणाशीही लागतो.

म्हणजे एकसारखे मोजे एकत्र घेतले की सूत न बदलता त्यांचं आयुष्य वाढतं. रंगीबेरंगी नक्षीच्या पाकिटात सहा जोड दिसतात, पण वसुलीत ते कमी भरतात. ताईला हे पटलं; तिने घरातले एकेकटे मोजे मोजून कळवायचं कबूल केलंय.

११ जुलै

पैशाचा हिशेब. 'ब'च्या एका जोडाची किंमत १ धरली, तर मी घेतले त्या वेळी 'अ' साधारण सव्वा, 'क' पावणेदोन, 'ड' दोन आणि 'इ' तीनच्या घरात पडला. या किमतीला 'नीट घातलेल्या दिवसांनी' भागायचं. नीट म्हणजे घसरत नाही, टोचत नाही, जाळी उघडी पडलेली नाही.

'ब' हातात स्वस्त, भागाकारात महाग, कारण त्याचे नीट दिवस काठ सैल पडला तिथे संपले. 'अ'चे टाच विरली तिथे. 'ड'ने 'अ'हून किंचितच जास्त दिले आणि किंमत बरीच जास्त घेतली. 'क' आजही चालू आहे, टाच दाट, काठ घट्ट. आतापर्यंतच्या हिशेबातच तो सर्वांत स्वस्त पडलाय आणि रोज आणखी स्वस्त होतोय. 'इ'सुद्धा चालू आहे आणि पायाला सर्वांत गोड लागणारा तोच, त्यात वाद नाही. पण 'क'ची बरोबरी करायला त्याला जवळपास पावणेदोन पट जगावं लागेल, आणि त्याचा धागा बारीक आहे. ज्यांच्या करंगळीला शिवण सोसत नाही, किंवा पायाला संवेदना कमी असल्यामुळे फोड आलेला कळत नाही, त्यांनी 'इ'सारखाच घ्यावा. तिथे भागाकार करू नये.

२ ऑगस्ट

'अ'च्या विरलेल्या टाचांना रफू करून पाहिला. मोज्यात जुना बल्ब घालून टाच ताणली, विरलेल्या भागाच्या बाहेर चांगल्या विणीत सुरुवात करून आडवे-उभे धागे गुंफले. सुती दोऱ्यात नायलॉनचा एक पदर घातला. गाठ कुठेच मारली नाही. टोकं तशीच विणीत जिरवली, कारण टाचेखालची गाठ म्हणजे ठरलेला फोड. भोक पडण्याआधी, जाळी शाबूत असताना रफू केला तर तिच्याच आधाराने धागे सरळ बसतात आणि काम निम्म्या वेळात होतं. भोक पडल्यावर पोत कधीच सपाट येत नाही.

बुटात घालून दिवसभर वावरले. टोचलं नाही.

'क' प्रकारचे एकाच रंगाचे जोड मागवले. आल्याबरोबर एक उलटा करून दिव्यासमोर धरणार: टाचेत नायलॉन आधीइतकंच दाट आहे ना, कमानीचा पट्टा आहे ना, टेरी फक्त तळव्यालाच आहे ना. यातलं एक जरी कमी असलं तर पाकीट परत जाईल. 'इ'चे जोड वापरात राहतील आणि त्यांच्या टाचांची नोंद याच वहीत पुढे चालू ठेवेन. 'ब' बूट पुसायला काढले. ताईचा आकडा अजून यायचाय.